डावीकडचं खोकं

हेटी लार्टर शेतावर निघाली की तिच्या हातगाडीवर दोन खोकी असायची. सफरचंदाची, लाकडी, उपडी घालून बसायला. बंदूक एक, भाकरीचं फडकं एक, चहाची बाटली एक, जाणारी बाई एक, आणि खोकी दोन. ओल्डनी गावात दुसऱ्याचं काय चुकतंय हे सांगणारी तोंडं कमी नव्हती, पण त्या वसंतात दुसऱ्या खोक्याबद्दल तिला विचारायची छाती कुणाला झाली नाही.

तिचा नवरा एम्ब्रोझ हा केरिसनसाहेबांच्या वाडीवरचा कबुतरवाला. ससे, उंदीर, डोमकावळे हेही त्याच्याकडेच, पण खरं वैर रानकबुतरांशी. दिसायला हा पक्षी गरीब. मानेवर पांढरा पट्टा, भरलेली छाती, चाल भरपेट जेवलेल्या पाद्र्याची. पण नॉरफोक परगण्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो थुंकून मग बोलेल. नुकत्याच उगवलेल्या वाटाण्यावर यांचा थवा सकाळी उतरला, तर दुपारी शेतात चाखायला हिरवं उरत नाही. एम्ब्रोझ तीस-एक वर्षं त्यांच्यापासून शेतं राखत आला. कामाबरोबर घर मिळालेलं, चर्चमागच्या शेताला लागून. दोन खोल्या, एक चूल, मागे गूजबेरीची चार झुडपं. घर कामाचं होतं. काम संपलं की घर संपलं, हे लग्नाच्या दिवसापासून दोघांनाही ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट माणूस किती सहज विसरतो!

फेब्रुवारीत एम्ब्रोझ गेला. मार्चमध्ये केरिसनसाहेब दारात आले. माणूस वाईट नव्हता. टोपी काढून, चिखलाचे बूट बाहेर ठेवून आत आला.

"मिसेस लार्टर, घाई नाही," ते म्हणाले, आणि घाई असलेली माणसंच असं म्हणतात. "पण मला माणूस बघावा लागेल. पीटरबरोकडचा एक आहे. बायको-मुलं आहेत त्याला. त्याला घर लागेल."

"माणूस कशाला बघता साहेब? मी आहे ना."

"तुम्ही?"

"त्याचा खांदा धरायचा तेव्हा कोण मारायचं पक्षी? दोन हिवाळे अर्धी कबुतरं माझ्या हातची होती. तुम्हाला त्याची म्हणून मोजून दिली, एवढंच."

साहेब हसले. मग तिचं तोंड बघून हसायचे थांबले. "बरं," ते म्हणाले, "चर्चमागच्या शेतात वाटाणा पेरतोय. तो हातभर उंच होईपर्यंत राखून दाखवा. राखलात तर घर तुमचं, तुम्ही आहात तोवर. नाही राखलात तर मात्र मला दोष देऊ नका."

"नाही देणार," हेटी म्हणाली.

कबुतरांपासून शेत राखायचं म्हणजे बंदूक घेऊन पळत सुटायचं नसतं. कबुतराला फसवावं लागतं. कुंपणाच्या कडेला चार काठ्या रोवायच्या, त्यावर जाळं टाकायचं, जाळ्यात फांद्या खोचायच्या: हे झालं लपण. समोर शेतात आदल्या दिवशीची मेलेली कबुतरं मांडायची, जिवंत असल्यासारखी, चरत असल्यासारखी. तोंडं वाऱ्याकडे, पंख मिटलेले, रक्ताचा थेंब पुसलेला, हनुवटीखाली दोन फाट्यांची काटकी, म्हणजे मान ताठ राहते. घोड्याच्या नालासारखी मांडणी आणि मध्ये मोकळी जागा. वरून जाणाऱ्याला वाटतं, खाली पंगत बसलीय आणि आपलंच पान रिकामं आहे. तो उतरतो.

हे सगळं जमलं तरी एका गोष्टीनं मातीत जातं. ती म्हणजे माणसाचं तोंड. कबुतराची नजर भलती तिखट. फांदी हलली तर चालेल, पण लपणात एक पांढरा चेहरा वर झाला की आलेला थवा हवेतल्या हवेत फाटतो आणि तासभर तिकडे फिरकत नाही. म्हणून एम्ब्रोझचा एकच कायदा होता. मान खाली. बोलायचं नाही, वर बघायचं नाही, एकमेकांकडेही बघायचं नाही. तो डावीकडे बसायचा, ती उजवीकडे. तिचं खोकं तो स्वतः मांडायचा, आणि ते वीतभरही हलवू द्यायचा नाही. "इथंच," म्हणायचा. ती म्हणायची, "खोकं आहे की वेदी?" पण बसायची तिथंच. मांडीवर हेझलच्या झुडपाच्या काटक्या घेऊन त्यांना टोकं काढत राहायची, उद्याच्या मेलेल्यांच्या हनुवट्यांसाठी. पक्षी टप्प्यात आले की तो आपला बूट तिच्या बुटाला टेकवायचा. एकदाच, हलकेच. ती चाकू खाली ठेवून कान झाकायची. मग तो उठायचा आणि बार काढायचा. तीस वर्षांत लपणात त्यांचं जेवढं बोलणं झालं ते त्या बुटांनीच.

त्या फेब्रुवारीच्या दिवशी दोघं चर्चमागच्या याच शेतावर बसले होते, तेव्हा तिथं कोबी होता. जमीन गोठलेली, आकाश स्वच्छ. आणि पक्षी असे आले की तिच्या आयुष्यात आले नव्हते. ओकच्या राईतून ओळीनं, एकामागे एक, सरळ समोरच्या मांडणीत. उतरले, चालू लागले, मेलेल्यांच्या शेजारी चरू लागले. त्यांच्या पायांखालचा पाला चुरचुरताना तिला ऐकू येत होता. ती मान खाली घालून वाट बघत होती बुटाची. बूट आला नाही. तिला वाटलं, जमू देतोय. लबाड आहे म्हातारा, सगळा थवा एकदम उचलणार. तिनं आणखी काटक्या तासल्या. पुष्कळ तासल्या. पॉपलरच्या रांगेमागे सूर्य गेला, कबुतरं पोटभर जेवून आपली आपण उठली आणि राईत झोपायला गेली, तेव्हा ती म्हणाली, "हे काय रे एम्ब्रोझ?" आणि वळली.

तो खोक्यावर तसाच बसला होता. कुंपणाच्या खांबाला पाठ, बंदूक मांडीवर, टोपीची कड कपाळावर. तोंड किंचित उजवीकडे, तिच्याकडे वळलेलं. डोळे उघडे. हात थंडगार.

डॉक्टर म्हणाला, क्षणात झालं असेल. कधी, ते त्याला सांगता आलं नाही. दुपारी असेल, त्याआधीही असेल. त्यानं सांगितलं ते समाधानासाठी, पण हेटीच्या मनात घुसलं ते वेगळंच. तो माझ्याकडे बघत होता. त्यानं बोलावलं असेल. आवाज निघाला नसेल, पाय उचलला नसेल, म्हणून नुसतं बघितलं असेल. आणि मी वीतभर अंतरावर काटक्या तासत बसले.

एप्रिलमध्ये वाटाणा उगवला आणि कबुतरांना बातमी लागली. हेटीनं लपण बांधलं, जिथं एम्ब्रोझ बांधायचा तिथंच, दोन खोकी मांडली, आपल्या उजवीकडच्या खोक्यावर बसली आणि मांडीवर त्याची दुनळी घेतली. मांडणी बघायला आलेल्या जेथ्रो मिंडमला खोट काढायला जागा मिळेना. जेथ्रो शेजारी राहायचा. जन्मभर घोडे हाकलेले, आता ट्रॅक्टर आल्यामुळे हाकायला काही नाही, म्हणून गावाला हाकायचा.

"मेलेली तुझ्यापेक्षा जिवंत दिसतायत," तो म्हणाला.

"आणि तुझ्यापेक्षा शहाणी. नीघ, बुजवशील."

पक्षी आले. राईतून ओळ धरून, पंख ताठ करून, उतरायला पाय खाली सोडून. आणि ऐन टप्प्यात येऊन फाटले. डावीउजवीकडे उधळले, फडफडाट झाला, गेले. पुन्हा आले. पुन्हा फाटले. दिवसभर तेच. हेटीनं दुसऱ्या दिवशी जाळं दुप्पट केलं, चेहऱ्याला चिखल फासला, बंदुकीच्या नळीला फडकं गुंडाळलं. कबुतरं जवळ येत, लपणाकडे बघत, आणि पाय भाजल्यासारखी वर जात. मग शेताच्या दुसऱ्या टोकाला उतरून निवांत वाटाणा खात. गावात केरिसनसाहेबांचा मुकादम म्हणाला, बाई अंगातून थरथरते, दुसरं काय. गाडीत बसून सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत.

तिनं जेथ्रोला बांधावर बसवलं. "लपणाकडे बघत राहा," म्हणाली. "पक्षी कशाला बुजतात ते सांग."

तासाभरानं जेथ्रो खाली आला. पाइप विझलेला. नेहमीसारखं लांबूनच काही बोलला नाही, हे तिनं आधी हेरलं.

"तोंड वर येतं," तो म्हणाला.

"माझं? मी वर बघत नाही जेथ्रो. देवाशपथ."

"तोंडच ते. पक्षी टप्प्यात आले की वर येतं, अन् मग खाली जातं." त्यानं पाइप खिशात ठेवला, परत काढला. "हेटी, तू कुठल्या बाजूला बसतेस गं?"

"उजव्या."

"मला दिसलं ते डाव्या बाजूला."

वाऱ्यानं मांडणीतल्या एका मेलेल्या कबुतराचं पीस उडालं आणि हेटीनं ते उचलून खिशात घातलं. उघडं पीस पडलेलं कबुतरांना चालत नाही.

त्या संध्याकाळी जेथ्रो गुत्त्यात नुसताच बसून राहिला, आणि जेथ्रो गप्प बसला म्हणजे गावाला कळायचं ते कळलं. पुढच्या दिवसापासून बायका हेटीच्या दारावरून जाताना पावलं उचलू लागल्या. एम्ब्रोझ लार्टर लपणात बसतो आणि वर बघतो, असं पोरं एकमेकांना सांगू लागली. हेटीला त्याची भीती वाटली असं नाही. भीतीपेक्षा वाईट काहीतरी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पहिला थवा फाटला तसं ती डावीकडच्या रिकाम्या खोक्याशी भांडू लागली.

"आयुष्यभर मला दटावलंस. मान खाली, मान खाली! आता तूच बघतोस? काय बघतोस? कुणाला शोधतोस? मी इथंच आहे की रे. तेव्हाही इथंच होते." मग आवाज फुटला. "तेव्हा मी बघितलं नाही म्हणून आता घर घालवणार आहेस का माझं?"

खोकं खोकंच राहिलं. पण पक्षी आले की डावीकडे काहीतरी आहे, हे तिला पाठीच्या कण्यात कळायचं. जाळ्याची ती बाजू किंचित ऊबदार वाटायची. तिला ते नकोही होतं आणि हवंही होतं.

केरिसनसाहेब शुक्रवारी आले आणि शेताच्या वरच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिकडे ओळीच्या ओळी तपकिरी झाल्या होत्या. "रविवारपर्यंत बघतो," एवढंच ते म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले, म्हणून तिला कळलं की पीटरबरोच्या माणसाला पत्र गेलेलं आहे.

शनिवारी जेथ्रो स्वतः लपणात शिरला. "मी मागे बसतो," म्हणाला, "डाव्या खोक्यावर नाही, खुळी आहेस का! माझं अजून जगून व्हायचंय." मफलर नाकापर्यंत ओढून तो मागच्या कोपऱ्यात जमिनीवर बसला, जुन्या कुत्र्यासारखा. हेटी आपल्या खोक्यावर. मान खाली. राईतून पंखांची शीळ आली, जवळ आली, अगदी जवळ आली. आणि थवा फाटला.

"बघितलंस?" ती कुजबुजली. "आला ना वर? कसा दिसतो? त्रासात आहे का रे?"

जेथ्रोनं मफलर खाली केला. इतकं मऊ बोलताना तिनं त्याला फक्त घोड्यांशी ऐकलं होतं.

"हेटी, बाई, तूच बघतेस."

"काय बोलतोस?"

"पक्षी आले की तू डावीकडे झुकतेस. सगळीच्या सगळी. अन् त्याचं तोंड असायचं तिथं बघतेस. तो उंच होता, म्हणून तुझं तोंड वर जातं. तुला कळतही नाही. दरवेळी. आता माझ्यासमोर केलंस."

"खोटं."

"खोटं असतं तर बरं झालं असतं. भुतापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली." तो उठला, गुडघे मोडत. "ते खोकं जाळून टाक."

"तुला जाळीन."

"जाळ. पण घर टिकव."

तो गेला आणि ती रडली. लपणात कधी रडली नव्हती. तिथं आवाज करायचा नसतो. रडताना तिला समजलं की जेथ्रो खरं बोलला. पक्षी टप्प्यात आले की बूट यायला हवा, बूट येत नाही, आणि बूट आला नाही की या वेळी तरी ती वळणार. ज्या वेळी वळायचं होतं ती वेळ गेली, आणि त्यानंतरच्या सगळ्या वेळी ती वळत होती. याला काही औषध आहे असं तिला वाटेना. मान दोरीनं बांधली तरी ती वळली असती.

रविवारी चर्चची घंटा वाजत असताना हेटी मांडणी लावत होती. पाद्री तिला याबद्दल माफ करील की नाही, याचा तिनं विचार केला आणि सोडून दिला. खोकी लपणात ठेवली. आपलं खोकं उजवीकडे, जिथं तो ठेवायचा तिथं. त्याचं डावीकडे. मग एम्ब्रोझची टोपी घातली, कड कपाळावर ओढली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा डावीकडच्या खोक्यावर बसली. पाठ खांबाला लागली. त्या खांबाला त्याच्या पाठीनं गुळगुळीत जागा केली होती.

आधी तिला नुसतं अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्याच्या बिछान्यात झोपल्यासारखं. बंदूक मात्र इथून मोकळी फिरत होती. उजव्या हातानं बंदूक चालवणाऱ्याला ही बाजू बरी, हे तिला आताच कळलं. मान खाली घातली. टोपीच्या कडेखालून काय दिसतं? खांबाला टेकून, मान खाली घालून बसलं की तोंड आपोआप थोडं उजवीकडे वळतं. आणि समोर येतं ते दुसरं खोकं. त्या खोक्यावर माणूस बसला तर त्याचे हात जिथं असतील ती जागा. आणि हातांच्या बरोबर पलीकडे, जाळ्यात एक फट, एम्ब्रोझ ठेवायचा म्हणून तीही न विचारता ठेवत आली होती ती. फटीतून ओकची राई.



एम्ब्रोझ वर बघतच नसे. त्याला पक्षी येताना दिसायचे ते तिच्या हातांवरून. म्हणून तिचं खोकं इथंच. म्हणून वीतभर हलवायचं नाही. तीस वर्षं ती समजत होती की तो शेताकडे बघतोय, आणि तो दिवसच्या दिवस तिच्या काटक्या, तिचा चाकू, तिची बोटं बघत बसला होता, आणि पलीकडून पक्षी आले की तेही बघत होता. त्या फेब्रुवारीच्या दिवशी तोंड तिच्याकडे वळलेलं होतं ते रोजच वळलेलं असायचं. त्यानं हाक मारली नव्हती. तो आपला नेहमीसारखा बघत होता, आणि बघता बघता गेला.

"लबाड," ती म्हणाली. "मला बघू द्यायचं नाही, अन् आपण?"

फटीत राईवर काळे ठिपके उठले. ओळ धरून आले. शीळ मोठी झाली. तिनं मान उचलली नाही, उचलावीशी वाटली नाही. बघायचं होतं ते समोरच होतं, खाली. पाय सोडून पक्षी मोकळ्या जागेत उतरायला लागले तेव्हा ती उठली आणि दोन्ही नळ्या सोडल्या.

दुपारपर्यंत लपणामागे पक्ष्यांचा ढीग झाला आणि उरलेल्यांनी शेजारच्या परगण्याचा रस्ता धरला. केरिसनसाहेब चर्चच्या कपड्यांत आले. ढिगाकडे बघितलं, शेताकडे बघितलं, तिच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं.

"तबेल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत," ते म्हणाले. "पीटरबरोच्या माणसाला त्या चालतील."

"मुलांना आवडतील," हेटी म्हणाली. "घोडे गेले तरी वास आहे."

ते हसले आणि गेले. आता उठायला हरकत नव्हती. पण ऊन पॉपलरच्या रांगेवर आलं होतं, आणि झोपायला जाण्यापूर्वीचे शेवटचे पक्षी या वेळी येतात, हे तिला माहीत होतं. ती बसून राहिली. टोपीची कड खाली, समोर रिकामं खोकं, पलीकडे राई. कुठंतरी कुंपणात खरखर ऐकू आली, लाकडावर चाकू फिरल्यासारखी. उंदीर असेल.

पक्षी आले. टप्प्यात आले. आणि तिचा पाय आपोआप पुढे सरकला, त्याचा सरकायचा तसा. समोर कुणी बसलेलं असेल तर त्यानं कान झाकावेत म्हणून. तिथं खोक्याचं लाकूड लागायला हवं होतं.

लाकूड लागलं नाही. मऊ काहीतरी लागलं, जुन्या चामड्याचं, तीस वर्षांच्या ओळखीचं, आणि ते तिच्या बुटाला हलकेच टेकून राहिलं.

खरखर थांबली होती.

हेटीनं वर बघितलं नाही. पक्षी बुजले असते. तिनं मान खाली ठेवली, आणि बंदूक मांडीवरच राहू दिली. एकेक करून कबुतरं मांडणीत उतरली, मेलेल्यांच्या मधून चालू लागली, आणि अंधार पडेपर्यंत चरत राहिली.